चतुःसीमा

खानापूरच्या कचेरीबाहेर, पत्र्याखाली,
सत्तावीस वर्षं झाली मला बसून.
आधी टाइपरायटर होता, आता कीबोर्ड.
खुर्ची मात्र तीच. दोनदा वेत बदलला,
मग वेत विणणाराच वारला
आणि मी फळी ठोकून घेतली.

लोक मराठीत सांगतात, मी कानडीत उतरवतो:
लिहून देणार, लिहून घेणार,
पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस गाडीवाट,
दक्षिणेस ओढा, उत्तरेस तमक्याचा बांध.
बोटं दिवसातून हजारदा सीमा ओलांडतात,
पाय एकदाही नाही.

बसवाणी चहा आणतो, म्हणतो, "कुंडरी मामा, कुंडरी."
अरे, मी उठलो होतो कधी?

बसणं म्हणजे काही न करणं, असं वाटायचं मला.
पण ते करत असतं. सावकाश, सरकारी कामासारखं.
आधी कंबर धरली, मग डावी मांडी
परक्याची असल्यासारखी गप्प झाली.
बेळगावच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला:
"हा मणका त्याच्या हद्दीत घुसलाय."
म्हटलं, मोजणी मागवू या का?
तो हसला नाही.

मग ते वर चढलं, डोक्यात.
घरी वैजयंता विचारते, आमटी कशी झालीय,
तर तोंडावर येतं, वर नमूद केल्याप्रमाणे.
मुलगी हुबळीहून फोनवर रडत होती परवा,
मी ऐकत होतो, आणि शोधत होतो
सही कुठं घ्यायची ती रिकामी जागा.
रात्री जाग येते. छातीवर कुणीतरी बसलेलं असतं.
नीट बघितलं तर मीच.

आपल्या भाषेत तरी काय,
भीती बसते, आवाज बसतो, धंदा बसतो,
सगळं सुरळीत झालं तरी घडी बसलीच म्हणायचं.
उठते ती अफवा,
नाहीतर जेवणाची पंगत.

तर परवा कणकुंबीकडची देमाक्का गावडे आली,
भावाच्या नावे हक्कसोड करायला.
मी स्टूल पुढं सारलं.
"नको रे बाबा. बसलं की गुडघं रुसतात.
उभ्यानंच सांगतंय, तू लिही."

चतुःसीमा सांगा, म्हटलं.
तर तिनं ती तोंडानं नाही, अंगानं सांगितली.
उगवतीकडं वळली: "हितं फणस. बरका आहे."
मावळतीकडं हात: "हितं झरा, मे महिन्यात पण बोटभर."
पाठ फिरवली: "हिकडनं गवे जातात. ती वाट कुणाच्या नावावर नाही."
मग चौथ्या बाजूला बघत राहिली.
"आणि हितं..."

पत्र्याचा खांब मध्ये येत होता.
कुठं, म्हणत मी मान काढली. दिसेना.
अजून थोडी काढली.
आणि कळलं तेव्हा
मी उभा होतो.

"हितं आम्ही भावंडं पळायचो," ती म्हणाली.
"फुकटची जागा. काय पेरलं न्हाई कधी."

मी वाकून टाइप केलं: उत्तरेस मोकळी जागा.
मग माझीही बघितली, उभ्यानं, पहिल्यांदाच:
पूर्वेस मुद्रांकवाला हणबर, पश्चिमेस कचेरीची भिंत,
दक्षिणेस प्रिंटर,
उत्तरेस,
उत्तरेला मी सत्तावीस वर्षं पाठ करून बसलो होतो.
तिकडं एक कच्चा रस्ता होता.
कुणाची तरी कौलं रचून ठेवलेली,
त्यावर एक मांजर, आळस देत.

देमाक्का अंगठ्याची शाई झाडाला पुसून
जांबोटीच्या गाडीकडं गेली. भराभर.
मी तिथंच. डाव्या मांडीला मुंग्या आलेल्या.

बसवाणी कप घेऊन थबकला. "येन आतरी, मामा?"

काही नाही, म्हटलं. ठेव तिथं.
मुंग्या पोटरीपर्यंत उतरल्या होत्या.
कुठं निघाल्या होत्या कुणास ठाऊक,
पण चालल्या होत्या.